रंगाच्या थरांखालचा इतिहास : जुन्या लष्करी वाहनांवरील तुकड्यांच्या खुणा कशा ओळखाव्यात

दुसऱ्या महायुद्धातील एखादी जुनी जीप दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये येते. तिच्यावर लाल रंग असतो, त्याखाली पिवळा, त्याखाली करडा. कारागीर बॉनेटचा एक कोपरा पाण्याने भिजवून बारीक वॉटर पेपरने घासू लागतो आणि काही वेळाने हिरवट रंगावर एका आकड्याची पुसट कडा दिसू लागते. या क्षणी दोन मार्ग संभवतात. काम उरकण्याच्या घाईत सर्व रंग खरवडून टाकला, तर त्या वाहनाचा इतिहास त्याच दिवशी नष्ट होतो. हात थांबवून तो आकडा वाचला, तर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ते वाहन कोणत्या सैन्यात, कोणत्या तुकडीत आणि कोणत्या कामावर होते, हे कळण्याची शक्यता निर्माण होते.

लष्करी वाहनांवरील खुणा शोभेसाठी रंगवलेल्या नसतात. हजारो एकसारख्या वाहनांमधून आपले वाहन ओळखता यावे, वाहतूक नियंत्रकाला कोणता ताफा कोठे वळवायचा हे लांबूनच समजावे, कमकुवत पुलावर जड वाहन जाऊ नये आणि आपल्याच विमानांनी आपल्यावर मारा करू नये, अशा व्यावहारिक गरजांतून त्या निर्माण झाल्या. त्यामुळे त्यांना ठरावीक नियम होते. नियम माहीत असले की खुणा वाचता येतात. मात्र त्या वाचणे आणि त्यांवर विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युद्धानंतर वाहने कोठे गेली

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. अडीच टनी मालमोटारी, रुग्णवाहिका, तोफा ओढणारी वाहने यांची संख्याही प्रचंड होती. युद्ध संपताच एवढी वाहने परत नेणे परवडणारे नव्हते. त्यांपैकी अनेक वाहने मित्रराष्ट्रांच्या सैन्यांकडे गेली, बरीच लिलावात विकली गेली आणि उरलेली भंगारात निघाली.

भारतात या वाहनांचा साठा मोठा होता, कारण ब्रह्मदेशातील युद्धाचा आणि चीनला होणाऱ्या पुरवठ्याचा तळ पूर्व भारतात होता. आसाममधील लिडो येथून चीनमधील कुनमिंगपर्यंत जाणारा १,०७९ मैलांचा, म्हणजे सुमारे १,७३६ किलोमीटरचा रस्ता जानेवारी १९४५ मध्ये खुला झाला. त्या रस्त्यावरून जाणारे ताफे लिडोहूनच निघत. १९४६ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या समझोत्यानंतर येथील अमेरिकन शिल्लक सामग्री भारत सरकारच्या ताब्यात आली आणि तिची विल्हेवाट सुरू झाली. मराठीत आजही वापरला जाणारा ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्दप्रयोग याच परंपरेतला आहे. चहाचे मळे, जंगलतोडीचे ठेके, खाणी, विहिरींची कामे अशा ठिकाणी ही वाहने अनेक वर्षे राबली. प्रत्येक नव्या मालकाने जुन्या रंगावर नवा रंग चढवला. जुन्या खुणा टिकून राहिल्या त्या याच रंगाच्या आश्रयाने.

अमेरिकन बंपरवरचे चार गट

सर्वांत सुबोध पद्धत अमेरिकन सैन्याची आहे. ऑगस्ट १९४२ च्या नियमावलीने ती निश्चित केली. वाहनाच्या पुढील आणि मागील बंपरवर पांढऱ्या अक्षरांत आकडे व अक्षरे यांचे चार गट लिहिले जात. वाचणाऱ्याच्या डावीकडून पहिला गट मोठ्या घटकाचा असे, म्हणजे आर्मी, कोअर किंवा डिव्हिजन. दुसरा गट रेजिमेंट किंवा स्वतंत्र बटालियनचा, तिसरा कंपनीचा आणि चौथा त्या कंपनीतील वाहनाच्या क्रमाचा.

पहिल्या गटात नुसता आकडा असल्यास ती पायदळ डिव्हिजन समजावी. आकड्यापुढे ‘ए’ हे अक्षर असल्यास ती आर्मी होय, तर रोमन आकडा कोअरचा निदर्शक असतो. ‘एबी’ ही अक्षरे हवाई छत्रीधारी डिव्हिजनसाठी आणि लहान त्रिकोण चिलखती डिव्हिजनसाठी वापरला जाई. दुसऱ्या गटात रेजिमेंटच्या क्रमांकानंतर सेवेचे अक्षर येते. पायदळासाठी ‘आय’, मैदानी तोफखान्यासाठी ‘एफ’, अभियंत्यांसाठी ‘ई’, वैद्यकीय सेवेसाठी ‘एम’, तर पुरवठा विभागासाठी ‘क्यू’ हे अक्षर होते.

उदाहरणार्थ, बंपरच्या एका टोकाला ‘२९’ आणि ‘११६-आय’, तर दुसऱ्या टोकाला ‘ए’ आणि ‘३’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एकोणतिसावी पायदळ डिव्हिजन, एकशे सोळावी पायदळ रेजिमेंट, ‘ए’ कंपनी, वाहन क्रमांक ३ असा होतो. ही रेजिमेंट ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरली होती आणि तिच्या ‘ए’ कंपनीची त्या सकाळी भयंकर हानी झाली. बंपरवरील चार-पाच अक्षरांतून एवढा मोठा संदर्भ उलगडू शकतो. म्हणूनच याच तुकड्यांची नावे सर्वाधिक वेळा खोटी रंगवली जातात.

बॉनेटवरील क्रमांक काय सांगतो

बंपरवरील खुणा तुकडी बदलली की बदलत. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना लिहिलेला अमेरिकन नोंदणी क्रमांक मात्र वाहनाचा स्वतःचा असे. या क्रमांकाचे सुरुवातीचे अंक वाहनाचा प्रकार सांगतात. ‘२०’ ने सुरू होणारा क्रमांक टेहळणीच्या वाहनांचा असून जीपवर तोच आढळतो. अडीच टनी मालमोटारीचा क्रमांक ‘४’ ने, रुग्णवाहिकेचा ‘७’ ने, तर पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या वाहनाचा ‘७०’ ने सुरू होतो. जीपच्या बॉनेटवर ‘४’ ने सुरू होणारा क्रमांक निघाला, तर तो कोणी तरी हौसेने लिहिलेला असण्याची शक्यता अधिक.

या क्रमांकाचा रंग आणि मांडणीसुद्धा काळ ठरवण्यास उपयोगी पडते. आरंभीच्या काळात तो निळसर करड्या रंगात लिहिला जाई, त्यामुळे हिरवट पार्श्वभूमीवर तो सहज नजरेत भरत नसे. पुढे पांढरा रंग आला. क्रमांकाच्या आधी येणारे ‘डब्ल्यू’ हे युद्धखात्याचे अक्षर नंतरच्या काळात वगळण्यात आले. क्रमांकाच्या शेवटी ‘एस’ असेल, तर त्या वाहनाच्या इंजिनाच्या ठिणगीमुळे बिनतारी संदेशयंत्रणेत खरखर येऊ नये अशी व्यवस्था त्यात केली होती, असे समजावे.

बॉनेटवरील आणि दोन्ही बाजूंवरील पांढरा तारा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो तुकडीची खूण नाही. आपल्या विमानांना व सैनिकांना वाहन ओळखता यावे यासाठी तो होता आणि ब्रिटिश, कॅनेडियन, पोलिश अशा इतर मित्रसैन्यांनीही तो वापरला. म्हणून तारा दिसताच वाहन अमेरिकन सैन्याचे होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. बंपरजवळ किंवा समोरच्या भागावर पिवळ्या गोलात काळा आकडा दिसल्यास तोही तुकडीचा नसून पुलावरील भारवर्गाचा असतो.

ब्रिटिश आणि भारतीय सैन्याची पद्धत

ब्रिटिश सैन्याची आणि तिच्यावर बेतलेली त्या काळच्या भारतीय सैन्याची पद्धत अक्षरांपेक्षा चित्रे आणि रंग यांवर अधिक अवलंबून होती. शत्रूच्या हेरांना तुकडीचे नाव सरळ वाचता येऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. वाहनाच्या पुढे व मागे, एका बाजूला डिव्हिजनचे चित्रचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला एक रंगीत चौकोन असे. चौकोनात पांढरा आकडा लिहिलेला असे.

चौकोनाचा रंग दल सांगतो. वरचा अर्धा भाग लाल आणि खालचा निळा असेल, तर तोफखाना. वर पांढरा आणि खाली निळा असेल, तर सिग्नल्स. पूर्ण निळा चौकोन अभियंत्यांचा. लाल व हिरवा असा तिरका विभागलेला चौकोन पुरवठा व वाहतूक सेवेचा. ब्रिटिश पायदळ डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडपैकी सर्वांत ज्येष्ठ ब्रिगेडला लाल, दुसरीला हिरवा आणि कनिष्ठ ब्रिगेडला तपकिरी चौकोन मिळे. चौकोनातील आकडा प्रत्यक्ष बटालियन दाखवतो. ब्रिटिश पायदळ डिव्हिजनमध्ये ४० हा आकडा डिव्हिजनच्या मुख्यालयाचा, तर ५५, ५६ आणि ५७ हे आकडे ज्येष्ठ ब्रिगेडच्या तीन बटालियनचे होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ५५ हा आकडा पंचावन्नाव्या बटालियनचा नव्हे. तोच आकडा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वेगळ्याच बटालियनचा असे. म्हणजे चौकोन आणि चित्रचिन्ह एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. चित्रचिन्ह खरवडून गेले आणि केवळ आकडा उरला, तर दल कळते, पण तुकडी कळत नाही.

ब्रिटिश नोंदणी क्रमांकाच्या आधीचे अक्षरही वाहनाचा प्रकार सांगते. ‘एल’ मालमोटारीसाठी, ‘झेड’ पंधरा हंड्रेडवेटच्या लहान ट्रकसाठी, ‘सी’ मोटारसायकलसाठी, ‘ए’ रुग्णवाहिकेसाठी, ‘टी’ रणगाडे व साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या वाहनांसाठी, तर ‘एम’ मोटारींसाठी होते. जीपची गणना ‘एम’ वर्गात होई. एकाच बॉनेटवर खालच्या थरात ‘२०’ ने सुरू होणारा अमेरिकन क्रमांक आणि वरच्या थरात ‘एम’ क्रमांक सापडला, तर ती जीप अमेरिकेकडून ब्रिटिश किंवा भारतीय सैन्याकडे आली, हा प्रवास थरांच्या क्रमावरूनच कळतो.

लाल गरुड, काळी मांजर, झुंजणारा कोंबडा

भारतीय डिव्हिजनांची चित्रचिन्हे ओळखण्यास सोपी आणि लक्षात राहणारी आहेत. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड उत्तर आफ्रिका व इटलीत प्रसिद्ध झाला. पाचव्या डिव्हिजनचे चिन्ह काळ्या चौकटीवरील लाल गोल, म्हणजे ‘आगीचा गोळा’. सातवीचा सोनेरी बाण, एकोणिसावीचा मुठीत धरलेला खंजीर आणि तेविसावीचा झुंजणारा कोंबडा ही ब्रह्मदेश आघाडीवरील चिन्हे होत. आठव्या डिव्हिजनवर पिवळी क्लोव्हरपाने होती. कोहिमाच्या लढाईत आलेल्या दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनच्या वाहनांवर एकमेकींवर ठेवलेल्या दोन किल्ल्या असत आणि कोहिमा येथील तिच्या स्मारकावरही त्या दिसतात.

या चिन्हांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे पन्नासाव्या छत्रीधारी ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. ही बटालियन तेविसाव्या डिव्हिजनची, म्हणजे झुंजणाऱ्या कोंबड्याच्या चिन्हाखालची होती. त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर दाखवलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची बटालियन आठव्या डिव्हिजनमध्ये होती. त्यामुळे जुन्या जीपवर कोंबडा किंवा क्लोव्हरपाने सापडणे ही मराठी वाचकासाठी केवळ परदेशी छंदाची बाब राहत नाही. त्या खुणेखाली मराठी जवानांचा एक मोठा समूह उभा असतो.

काही वेळा चिन्ह तुकडीबरोबर काळही सांगते. सतराव्या डिव्हिजनचे पहिले चिन्ह विजेची रेघ हे होते. १९४२ मधील ब्रह्मदेशातील माघारीनंतर ते बदलून काळी मांजर हे चिन्ह स्वीकारण्यात आले. विजेची रेघ दिसल्यास ती खूण युद्धाच्या पहिल्या टप्प्यातील, मांजर दिसल्यास नंतरची. मात्र स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय सैन्यातही लाल गरुड, सोनेरी बाण, खंजीर, आगीचा गोळा आणि काळी मांजर ही चिन्हे पुढे चालू राहिली आहेत. केवळ चिन्हावरून काळ ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते. जबलपूरला बनलेल्या जोंगावर काळी मांजर आढळली, तर ती १९४४ ची असू शकत नाही, कारण जोंगा हे वाहनच १९६० च्या दशकातले आहे.

खुणा खोटे केव्हा सांगतात

युद्धकाळातील खुणा अस्सल असूनही दिशाभूल करणाऱ्या असू शकतात. महत्त्वाच्या हालचालींपूर्वी चित्रचिन्हे पुसण्याचे किंवा झाकण्याचे आदेश दिले जात. १९४५ च्या आरंभी कॅनेडियन कोअर इटलीतून वायव्य युरोपात हलवताना वाहनांवरील चिन्हे अशीच काढण्यात आली होती.

याच्या पुढची पायरी म्हणजे जाणूनबुजून खोटी खूण रंगवणे. अमेरिकन सैन्यात १९४४ मध्ये सुमारे अकराशे जणांचे एक विशेष दल उभारण्यात आले. रबरी रणगाडे, ध्वनिक्षेपकावरून ऐकवले जाणारे ताफ्याचे आवाज आणि बनावट बिनतारी संदेश यांच्या साहाय्याने शत्रूला फसवणे हे त्याचे काम होते. या दलाचे जवान आपल्या मोटारींच्या बंपरवर दुसऱ्याच डिव्हिजनचे आकडे रंगवत आणि त्या गावांतून फिरवत. पुढे ‘भुतांचे सैन्य’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या दलाला २०२४ मध्ये अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक समारंभपूर्वक प्रदान करण्यात आले. अशा वाहनाच्या बंपरवरील खूण युद्धकाळातली असेल, रंगही अस्सल असेल, तरीही तिने सांगितलेली तुकडी खरी नसेल.

दुसरी अडचण युद्धोत्तर दुरुस्तीची. सैन्याच्या मोठ्या कार्यशाळांमध्ये वाहने सुटी करून पुन्हा जोडली जात. एका जीपचे बॉनेट दुसरीवर, तिसरीचा बंपर चौथीवर, असा प्रकार सर्रास घडे. बॉनेटवर सापडलेला क्रमांक त्या बॉनेटचा असतो, तो खालच्या चासीचा असेलच असे नाही.

तिसरी अडचण बाजाराची. प्रसिद्ध लढाईशी जोडलेल्या वाहनाला संग्राहकांकडून अधिक किंमत मिळते. त्यामुळे साध्या पुरवठा कंपनीच्या वाहनावर छत्रीधारी डिव्हिजनचे आकडे चढवले जातात. काही वेळा त्यामागे फसवणुकीचा हेतू नसतो, मालकाला ती तुकडी आवडलेली असते. परंतु पंचवीस वर्षांनी ते वाहन दुसऱ्याच्या हाती गेले की हौसेचा रंग इतिहास म्हणून मिरवू लागतो. खऱ्या तुकडीचे नाव मात्र त्या रंगाखाली कायमचे दडपले जाते.

थर उकलण्याची रीत

या सर्व अडचणींवर उपाय म्हणजे घाई न करणे आणि एका पुराव्यावर न विसंबणे. दुरुस्तीला सुरुवात करण्यापूर्वी वाहनाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अंधाऱ्या जागी विजेरीचा प्रकाश पृष्ठभागावर अगदी तिरपा टाकला, तर वरच्या रंगातूनही जुन्या अक्षरांच्या कडा उंचवट्यासारख्या दिसतात. अशा जागा खडूने आखून ठेवाव्यात.

त्यानंतर बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने, एका वेळी एकच थर घासावा. वाळूचा मारा करणारे यंत्र किंवा रंग उतरवणारे तीव्र रसायन वापरल्यास सर्व थर एकदम निघून जातात आणि वाचण्यासारखे काही उरत नाही. बॉनेटच्या बाजू, बंपर, मागचा पत्रा आणि विंडस्क्रीनची चौकट येथे प्रथम शोध घ्यावा. जेथे लांबी भरलेली आहे, तेथे मूळ रंग मिळण्याची आशा कमी असते. प्रत्येक टप्प्यावर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, कारण घासणे चालू असतानाच एखादे अक्षर दिसते आणि थोड्याच वेळात नाहीसेही होते. जुन्या रंगांत शिसे असू शकते. त्यामुळे कोरडे घासणे टाळावे, तोंडावर योग्य मुखपट्टी व हातांत मोजे घालावेत आणि निघालेला गाळ उघड्यावर टाकू नये.

सापडलेली खूण मग इतर पुराव्यांशी ताडून पाहावी लागते. जीपच्या बाबतीत चासीचा क्रमांक पहिला साक्षीदार. विलीज जीपमध्ये तो पुढील डाव्या बाजूस चासीला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, तर फोर्डने तो चासीच्या डाव्या दांड्यावरच ठोकलेला आहे. फोर्डच्या अनेक सुट्या भागांवर ‘एफ’ हे अक्षर आढळते, त्यावरून कोणता भाग मूळचा आणि कोणता बदललेला याचा अंदाज येतो. डॅशबोर्डवरील पट्टीवर वाहन सैन्याला सुपूर्द केल्याची तारीख असते. एखाद्या खुणेचा काळ या तारखेच्या आधीचा निघाला, तर ती खूण या वाहनाची नव्हे, हे उघड आहे.

शेवटचा टप्पा कागदपत्रांचा. ब्रिटनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात त्या काळच्या तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या जतन केलेल्या असून त्यांत भारतीय तुकड्यांच्याही आहेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात भारतीय सैन्याची असंख्य छायाचित्रे आहेत. दैनंदिनीत एकेका जीपचा क्रमांक क्वचितच सापडतो. परंतु अमुक तुकडी अमुक महिन्यात कोठे होती, हे कळले की खुणेने सांगितलेली कथा शक्य कोटीतली आहे की नाही, याचा निर्णय करता येतो.

स्वतंत्र भारतातील वाहने आणि कायदा

आज भारतात लष्करी लिलावातून येणारी वाहने बहुधा स्वातंत्र्योत्तर काळातील असतात. जबलपूरच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही त्यांतील परिचित नावे. यांच्या क्रमांकाची ओळख म्हणजे वर टोक असलेला रुंद बाण. सरकारी मालमत्तेवर बाण उमटवण्याची ब्रिटिश प्रथा भारतीय संरक्षण खात्याने पुढे चालू ठेवली. बाणानंतरचे दोन अंक वाहन सैन्याने कोणत्या वर्षी घेतले हे सांगतात. त्यापुढे सांकेतिक अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटी वाहनाचा वर्ग दाखवणारे अक्षर येते. रंगाखाली हा बाण आणि दोन अंक जरी वाचता आले, तरी वाहनाचे सैन्यातील वय समजते.

येथे इतिहासाची आवड आणि सुरक्षेची गरज यांत समतोल साधावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण कामासाठी नोंदलेले वाहन त्या कामातून निवृत्त झाले की त्याची नागरी नोंदणी करणे आवश्यक असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ संरक्षण खात्याखेरीज इतरांच्या वाहनांना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई करतो. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांनी मोटारीवर गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर लावले होते. सरकारी खूण पाहून पहारेकरी क्षणभर सैल पडतो, याचा तो घातक उपयोग होता. त्यामुळे सध्या सेवेत असलेल्या डिव्हिजनचे चिन्ह लावून रस्त्यावर वाहन फिरवणे हौस म्हणूनही योग्य नाही.

मग सापडलेल्या खुणेचे करायचे काय? अनुभवी संग्राहक मूळ खूण जेथे सापडली तेथे तिचा छोटासा भाग पारदर्शक लेपाखाली तसाच राखून ठेवतात, छायाचित्रांची वही वाहनाबरोबर ठेवतात आणि बाकीच्या भागाला नियमात बसणारा रंग देतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. तिच्यासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असणे अपेक्षित आहे. मूळ स्वरूपाचा पुरावा म्हणूनही अशी वही उपयोगी पडते.

ज्या वाहनाच्या खुणा पुसल्या गेल्या आहेत, त्याच्यावर एखाद्या विख्यात तुकडीचे नाव रंगवण्यापेक्षा जागा कोरी ठेवणे अधिक प्रामाणिक होय. सांगशाकला लढलेल्या बटालियनचा कोंबडा तिच्याच वाहनावर शोभतो. पुरवठा कंपनीचा ट्रकही कमी महत्त्वाचा नव्हता, कारण त्याने वाहून नेलेल्या धान्यावर आणि दारूगोळ्यावरच आघाडी उभी होती. त्या ट्रकच्या चालकाची नोंद कदाचित इतरत्र कोठेही उरलेली नसेल. रंगाखाली सापडणारा तिरका लाल-हिरवा चौकोन ही त्याच्या सेवेची शेवटची साक्ष असू शकते, म्हणून वॉटर पेपर हातात घेणाऱ्याने ती घासून टाकण्यापूर्वी वाचली पाहिजे.